विश्लेषण : युद्धपट मोबाइलवर की मोठ्या पडद्यावर? बोईसरहून आयमॅक्स गाठण्यात नेमके काय मिळते?

हॉलीवूडचे दिग्दर्शक ख्रिस्तोफर नोलन मार्च २०१८ च्या अखेरीस मुंबईत आले होते. त्या वेळी अभिनेते कमल हासन त्यांना भेटले आणि त्यांनी नोलन यांची चक्क माफी मागितली. कारण काय, तर ‘डंकर्क’ हा नोलन यांचा युद्धपट त्यांनी फिल्मवर न पाहता डिजिटल स्वरूपात पाहिला होता. ही गंमत कमल हासन यांनीच ट्वीट करून सांगितली होती. मोठ्या पडद्यावर पाहूनही माफी मागावी लागत असेल, तर तोच चित्रपट लोकलमध्ये उभ्याने, सहा-साडेसहा इंचांच्या मोबाइलवर पाहणाऱ्यांनी काय करावे? फेब्रुवारी २०२५ मध्ये नोलन यांचाच ‘इंटरस्टेलर’ भारतात पुन्हा प्रदर्शित झाला आणि दहा वर्षांपूर्वीच्या चित्रपटाची आयमॅक्स तिकिटे मिळेनाशी झाली. जुने चित्रपट मोठ्या पडद्यावर परतण्याचे प्रमाण वाढत असताना पालघर, बोईसर, तारापूर परिसरातील प्रेक्षकांसमोर प्रश्न असतो : त्यासाठी मुंबईला जाणे खरोखर आवश्यक आहे का?

पालघरकरांसाठी हा प्रश्न वेगळा का?

अंधेरी किंवा मालाडच्या प्रेक्षकाला आयमॅक्स म्हणजे रिक्षाचे अंतर. बोईसर मात्र चर्चगेटपासून सुमारे १०० किलोमीटरवर आहे. उपनगरी लोकल २०१३ मध्ये डहाणू रोडपर्यंत आली, पण विरारच्या पुढे गाड्यांची संख्या एकदम कमी होते. कारण विरार-डहाणू दरम्यानच्या दोनच मार्गांवरून लोकल, मेमू, लांब पल्ल्याच्या गाड्या आणि मालगाड्या अशा सगळ्यांना वाट काढावी लागत आली आहे. म्हणूनच या सुमारे ६४ किलोमीटरच्या पट्ट्याच्या चौपदरीकरणाचा प्रकल्प एमयूटीपी-३ मध्ये हाती घेण्यात आला. एक लोकल चुकली तर पुढची मिळेपर्यंत शोची सुरुवात हुकते आणि परतीची चुकली तर रात्र फलाटावर काढायची वेळ येते.

तारापूर एमआयडीसीत पाळीत काम करणाऱ्यासाठी हिशेब आणखी कडक असतो. पावणेदोन तासांच्या चित्रपटासाठी जाणे-येणे, वाट पाहणे आणि खाणे धरून सात-आठ तास सहज जातात, म्हणजे आठवड्याची एकमेव सुट्टी संपते. शंभर रुपयांवरील तिकिटावर १८ टक्के जीएसटी लागतो आणि आयमॅक्सचे तिकीट त्याच गटात मोडते. त्यामुळे ‘मोठ्या पडद्याची मजाच वेगळी’ एवढ्या उत्तरावर इथल्या प्रेक्षकाचे भागत नाही. वेगळी म्हणजे किती आणि कशी, हे त्याला कळायला हवे.

डंकर्कमध्ये घडले काय होते?

मे १९४० मध्ये जर्मन फौजांनी ब्रिटिश, फ्रेंच आणि बेल्जियन सैन्याला फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावर कोंडीत पकडले. समोर समुद्र, पाठीमागे शत्रू. २६ मे ते ४ जून या काळात ब्रिटनने ‘ऑपरेशन डायनॅमो’ राबवून ३ लाख ३८ हजार २२६ सैनिकांची सुटका केली. सुरुवातीला ४५ हजार सैनिक परत आणता आले तरी खूप झाले, असा अंदाज होता.

अडचण होती किनाऱ्याची. सातपाटी, केळवे किंवा डहाणूच्या किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी उभे राहिले की ती लगेच समजते. पाणी दूरवर मागे सरते, कितीही चालत गेले तरी गुडघाभरच राहते आणि मोठी बोट भरती आल्याशिवाय जवळ येऊ शकत नाही. डंकर्कचा किनारा असाच उथळ आहे. युद्धनौका दूर खोल पाण्यात थांबायच्या आणि सैनिक खांद्याएवढ्या पाण्यात तासन् तास रांगा लावून उभे राहायचे. या दोघांमधले अंतर कापण्यासाठी मच्छीमारांच्या, हौशी लोकांच्या आणि प्रवासी वाहतुकीच्या लहान बोटी कामाला लावल्या गेल्या. मात्र त्यांच्याभोवती मोठी दंतकथा तयार झाली असली तरी थेट किनाऱ्यावरून निघालेले सैनिक ९८ हजारांच्या आसपास होते. उरलेले सुमारे २ लाख ३९ हजार बंदरातून, मुख्यतः समुद्रात लांबवर गेलेल्या लाटारोधक बांधावरून जहाजांत चढले. हा बांध जहाजे लावण्यासाठी बांधलेलाच नव्हता.

हा चित्रपट इतर युद्धपटांपेक्षा वेगळा कसा?

आपल्याकडे युद्धपट म्हटले की जे. पी. दत्ता यांचा १९९७ चा ‘बॉर्डर’ आठवतो. प्रजासत्ताक दिन, स्वातंत्र्य दिनाला तो टीव्हीवर लागला की घरात कामे करता करताही पाहता येतो. संवाद पाठ असतात, गाणी ओळखीची असतात, प्रत्येक जवानाच्या घरची गोष्ट माहीत असते. ‘बॉर्डर’ची ताकद संवादांत, गाण्यांत आणि चेहऱ्यांत आहे. त्यामुळे लहान पडद्यावरही तो फारसा कमी होत नाही.

२१ जुलै २०१७ रोजी प्रदर्शित झालेल्या १०६ मिनिटांच्या ‘डंकर्क’मध्ये यांतले जवळपास काहीच नाही. पटकथा होती अवघी ७६ पानांची. मुख्य पात्राच्या घराबद्दल, प्रेयसीबद्दल आपल्याला काही सांगितले जात नाही. जर्मन सैनिकांचे चेहरेही दिसत नाहीत. चित्रपट तीन धाग्यांत चालतो. बांधावरची गोष्ट एका आठवड्याची, समुद्रातली एका दिवसाची आणि आकाशातली एका तासाची. हे तीनही काळ एकमेकांत गुंफलेले असल्याने तीच घटना कधी विमानातून, तर कधी बोटीतून पुन्हा दिसते. मोबाइलवर मध्येच मेसेज पाहिला तर धागा सुटतो आणि ‘हे काय चालले आहे’ असे वाटून चित्रपट बंद केला जातो. अनेकांना तो ‘कंटाळवाणा’ वाटण्यामागे हे एक कारण असू शकते.

थोडक्यात, इथे संवादांचे काम जागा आणि आवाज करतात. किनारा किती मोठा आहे, माणूस त्यावर किती लहान आहे आणि विमान कुठल्या बाजूने येत आहे, हीच गोष्ट आहे. ती लहान पडद्यावर आकसली की गोष्टच आकसते.

‘आयमॅक्स’ म्हणजे फक्त मोठा पडदा का?

नाही. ‘डंकर्क’पुरते बोलायचे तर आयमॅक्स ही आधी कॅमेऱ्यातली गोष्ट आहे. नेहमीच्या सिनेमासाठी वर्षानुवर्षे ३५ मिलिमीटर रुंदीची फिल्म वापरली गेली. आयमॅक्स कॅमेऱ्यातील चित्रचौकट त्या फिल्मवरील चौकटीपेक्षा साधारण आठ-नऊ पट मोठी असते. चौकट मोठी तितका तपशील जास्त. मोठी केल्यावरही प्रतिमा फुटत नाही. ‘डंकर्क’चा सुमारे तीन-चतुर्थांश भाग अशा कॅमेऱ्यांनी चित्रित झाला आहे. छायाचित्रणकार होते होयते व्हॅन होयतेमा.

याची किंमतही मोजावी लागते. आयमॅक्स फिल्म प्रोजेक्टरमधून मिनिटाला १०० मीटरहून अधिक वेगाने धावते. त्या हिशेबाने १०६ मिनिटांच्या चित्रपटाचे रीळ जवळपास ११ किलोमीटर लांब भरते. पालघर स्थानकापासून रुळांच्या कडेने ते अंथरत गेलात, तर बोईसर दिसू लागेल. कॅमेरे जड आणि गोंगाट करणारे असतात. चित्रीकरणादरम्यान विमानाच्या प्रतिकृतीला लावलेला एक कॅमेरा समुद्रात बुडाला होता. त्यातील फिल्म ओलीच ठेवून प्रयोगशाळेत नेली गेली आणि धुतल्यावर चित्रीकरण शाबूत निघाले.

दुसरा मुद्दा चौकटीच्या आकाराचा. आयमॅक्स फिल्मची चौकट उंच असते. तिची रुंदी उंचीच्या १.४३ पट. डिजिटल आयमॅक्स पडद्यांवर हे प्रमाण साधारणतः १.९० असते, तर नेहमीच्या डिजिटल थिएटरात ‘डंकर्क’ २.२० या प्रमाणात दाखवला गेला. रुंदी तेवढीच धरून गणित केले तर डिजिटल आयमॅक्सवर मूळ चौकटीचा सुमारे २५ टक्के आणि नेहमीच्या थिएटरात सुमारे ३५ टक्के भाग वरून-खालून कापला जातो. ‘डंकर्क’मध्ये हा कापलेला भाग बहुतेकदा आकाश किंवा पाणी असतो. तो बिनकामाचा वाटेल, पण संकट याच दोन ठिकाणांहून येत असते.

मग मोबाइलवर नेमके काय हरवते?

इथे एक अनपेक्षित गोष्ट आहे. ‘डंकर्क’च्या ब्लू-रे आवृत्तीत आयमॅक्स दृश्ये १.७८ या प्रमाणात, म्हणजे घरच्या टीव्हीचा पडदा पूर्ण भरेल अशी आहेत. याचा अर्थ, त्या दृश्यांमध्ये घरच्या टीव्हीवर नेहमीच्या थिएटरपेक्षा जास्त चित्र दिसते! म्हणजे ‘चित्र कापले जाते म्हणून मोठ्या पडद्यावर पाहा’ हा युक्तिवाद एकट्याने टिकत नाही.

खरा फरक आहे पडदा आपल्या नजरेचा किती भाग व्यापतो याचा. सोपे गणित करून पाहू. आडवा धरलेला मोबाइल १५ सेंटिमीटर रुंद आणि डोळ्यांपासून ३५ सेंटिमीटरवर असेल, तर तो सुमारे २४ अंशांचा कोन व्यापतो. अडीच मीटरवरून पाहिलेला ४३ इंची टीव्ही साधारण २२ अंश. म्हणजे ‘मोबाइलपेक्षा टीव्ही मोठा’ हा समज डोळ्याच्या दृष्टीने फारसा खरा नाही. १२ मीटर रुंद पडद्यापासून १५ मीटरवर बसलात तर कोन ४४ अंशांच्या आसपास जातो. २० मीटर रुंद आयमॅक्स पडद्यासमोर तेवढ्याच अंतरावर तो ६७ अंश होतो. या टप्प्यावर पडद्याची कडा नजरेतून जवळपास सुटते, विमान शोधायला मान वळवावी लागते आणि मेंदू ‘आपण चित्र पाहतो आहोत’ ऐवजी ‘आपण तिथे आहोत’ असे मानू लागतो.

आता त्या किनाऱ्यावरचा एक सैनिक घ्या. दूरच्या दृश्यात त्याने चौकटीच्या उंचीचा पन्नासावा भाग व्यापला आहे असे धरू. सात सेंटिमीटर उंचीच्या मोबाइलवर तो दीड मिलिमीटरहूनही लहान, म्हणजे मोहरीच्या दाण्याएवढा असतो. दहा मीटर उंच पडद्यावर तोच वीतभर होतो. बसण्याचे अंतर हिशेबात घेतले तरी डोळ्याला तो तिपटीहून मोठा दिसतो. मोबाइलवर दिसतो तो ठिपक्यांचा समूह. थिएटरात दिसतात ती रांगेत उभी असलेली, आपल्या नंबराची वाट पाहणारी माणसे.

आवाजाचे काय?

‘डंकर्क’ला मिळालेल्या तीन ऑस्करपैकी दोन ध्वनीसाठी होते (ध्वनिसंकलन आणि ध्वनिमिश्रण), तर तिसरे संकलनासाठी. यावरूनच आवाजाचे वजन लक्षात यावे. संगीतकार हान्स झिमर यांनी नोलन यांच्याच घड्याळाची टिकटिक ध्वनिमुद्रित करून संगीतात वापरली. सोबत ‘शेपर्ड टोन’ नावाची युक्ती आहे. एकमेकांपासून सप्तकाच्या अंतरावर असलेले अनेक स्वर एकत्र वर चढत जातात. सर्वांत वरचा स्वर हळूहळू विरतो, त्याच वेळी खालून नवा स्वर येतो. त्यामुळे स्वर अखंड वर चढतोच आहे असा कानाला भास होतो. ताण वाढत राहतो आणि सुटत नाही.

हे सारे मोबाइलच्या स्पीकरवर टिकत नाही. त्याचे कारण भौतिकशास्त्रात आहे. ४० हर्ट्झच्या खर्जातल्या आवाजाची तरंगलांबी साडेआठ मीटरच्या आसपास असते. तो निर्माण करायला पुरेशी हवा हलवावी लागते. मोबाइलमधला इवलासा स्पीकर ते करू शकत नाही. चांगला हेडफोन कानापुरता हा खर्ज देतो, पण छातीत आणि खुर्चीत जाणवणारी थरथर देऊ शकत नाही.

ही थरथर म्हणजे काय, हे पालघर जिल्ह्याला वेगळे सांगायला नको. तारापूर एमआयडीसीतील कारखान्यांमधील स्फोटांचे आवाज कित्येक किलोमीटरवर ऐकू गेल्याच्या घटना इथे घडल्या आहेत. डहाणू-तलासरी पट्ट्याने नोव्हेंबर २०१८ पासून भूकंपाच्या धक्क्यांची मालिका अनुभवली आहे. काय झाले हे समजण्याआधी खिडकीची तावदाने आणि भांडी वाजतात, शरीराला आधी कळते. ‘डंकर्क’मधील बॉम्बफेक थिएटरात नेमकी अशीच पोहोचते. त्यामुळे चित्रपटात रक्ताचे पाट नसले तरी लहान मुले, मोठ्या आवाजाचा त्रास होणारे ज्येष्ठ किंवा अशा घटनांची धास्ती मनात असलेले घरचे सदस्य सोबत असतील तर आधी विचार करावा.

भारतात हा अनुभव मूळ रूपात मिळतो का?

पूर्णपणे नाही. आयमॅक्स फिल्म चालवणारी थिएटर जगातच मोजकी आहेत. जुलै २०२३ मध्ये नोलन यांचा ‘ओपनहायमर’ आला तेव्हा आयमॅक्स ७० एमएम फिल्मवर तो जगभरात अवघ्या ३० ठिकाणी दाखवला गेला आणि त्यांत भारतातील एकही नव्हते. तरीही मुंबईत आयमॅक्सचे पहाटेचे शो लावावे लागले. १९६९ पासून अणुभट्टीच्या शेजारी राहणाऱ्या तारापूरच्या लोकांसाठी तर अणुबॉम्बची ती कथा जवळच्याच विज्ञानाची होती.

मुंबईला मोठ्या पडद्याची ओळख जुनी आहे. वडाळ्याचे घुमटाकार आयमॅक्स थिएटर २००१ मध्ये सुरू झाले. २०१८ च्या भेटीत नोलन भारतात आले ते फिल्म हेरिटेज फाउंडेशनच्या निमंत्रणावरून, फिल्म हे माध्यम जपले पाहिजे हे सांगण्यासाठी. त्या निमित्ताने वडाळ्याच्या आयमॅक्स पडद्यावर ‘डंकर्क’ आणि लिबर्टी चित्रपटगृहात ३५ एमएम फिल्मवर ‘इंटरस्टेलर’ दाखवण्यात आला. आज पश्चिम रेल्वेने येणाऱ्या प्रेक्षकाला वडाळा किंवा लोअर परळपेक्षा मालाडच्या इनॉर्बिट मॉलमधील आयमॅक्स सोयीचा पडतो.

मोठ्या पडद्यावरही काय दिसत नाही?

इतक्या मोठ्या चौकटीतही एक गोष्ट बाहेर राहिली आहे, ती म्हणजे भारतीय सैनिक. डिसेंबर १९३९ मध्ये मुंबई बंदरातून रॉयल इंडियन आर्मी सर्व्हिस कोअरच्या खेचरांच्या तुकड्या फ्रान्सला रवाना झाल्या होत्या. ‘फोर्स के-६’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या या दलाचे काम रसद वाहण्याचे होते. त्यातील काही जण डंकर्कमधून सुटले, तर एक तुकडी जर्मनांच्या हाती लागली. चित्रपट प्रदर्शित झाल्यावर ब्रिटन आणि भारतात यावरून टीका झाली होती. पुढे याच महायुद्धात इटलीच्या आघाडीवर मराठा लाइट इन्फंट्रीच्या यशवंत घाडगे यांना १९४४ मध्ये मरणोत्तर, तर नामदेव जाधव यांना १९४५ मधील कामगिरीसाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. म्हणजे महायुद्ध ही ‘त्यांची’ गोष्ट नव्हती. चित्रपट पाहताना पडदा कितीही मोठा असला तरी चौकट कोणीतरी निवडलेली असते, हे लक्षात ठेवलेले बरे.

मग बोईसरहून जायचे की नाही?

प्रत्येक युद्धपटासाठी जाण्याची गरज नाही. चित्रपट संवाद, गाणी आणि पात्रांवर उभा असेल, तर जवळच्या साध्या स्क्रीनवर तो जवळपास तितकाच पोहोचतो. मोकळी जागा, आकाश, समुद्र आणि आवाज यांवर उभा असेल आणि मुख्य म्हणजे आयमॅक्स कॅमेऱ्यांनी चित्रित झालेला असेल, तर सुट्टीचा दिवस खर्च करणे सार्थकी लागते. ‘आयमॅक्समध्ये प्रदर्शित’ आणि ‘आयमॅक्सवर चित्रित’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तिकीट काढण्याआधी हा फरक तपासावा.

जायचे ठरले तर दुपारचा शो निवडावा. तिकिटाआधी परतीच्या डहाणू लोकलची वेळ पाहावी आणि मगच शो ठरवावा. जागा मधल्या भागात, मध्यापासून दोन-तीन रांगा मागे घ्यावी. अगदी मागे बसले की कोन कमी होतो आणि ज्यासाठी एवढे अंतर कापले तेच हातचे जाते. सुरुवात चुकवू नये, कारण तीन धाग्यांचे काळ पडद्यावर पहिल्या काही मिनिटांतच लिहून येतात.

मुंबईचा खर्च किंवा वेळ जमणारा नसेल तर दुसरा क्रमांक आयमॅक्सचा नाही तर कुठल्याही बऱ्या थिएटरचा आहे. ४४ अंशांचा पडदा आणि खर्ज देणारे स्पीकर तिथेही असतात. लहान शहरांत हॉलीवूडचे चित्रपट आले तर बहुधा हिंदी डबिंगमध्ये आणि मोजक्या शोंना येतात. ‘डंकर्क’सारख्या कमी संवादांच्या चित्रपटात डबिंगने फारसे बिघडत नाही. हे शो भरले तर पुढचा चित्रपट येण्याची शक्यता वाढते, रिकामे गेले तर तीही संपते.

आणि घरीच पाहायचा असेल तर टीव्हीपासूनचे अंतर अडीच मीटरवरून दीड मीटरवर आणावे. तेवढ्यानेच कोन २२ वरून ३५ अंशांवर जातो. दिवे बंद, हेडफोन कानाला आणि मोबाइल दुसऱ्या खोलीत. यातले शेवटचे सर्वांत कठीण आहे, पण त्याला पैसे लागत नाहीत.